दुसरा अर्ज

"यातल्या कुठल्या गावात कुणाचं नातंगोतं असेल तर आत्ताच सांगा आणि बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले.

इंजिनिअरनं नकारार्थी मान हलवली. बाईंनी कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही.

समितीत हे तिघंच होते. पुरानं उद्ध्वस्त झालेल्या जिल्ह्यासाठी बऱ्याच देशांनी मिळून एका सामायिक निधीत पैसे टाकले होते. त्यातून तातडीची मदत आता एकाच जागी देता येणार होती, आणि ती कुठे द्यायची हे यांनी ठरवायचं होतं. टेबलावर दोन अर्ज. पहिला नदीकाठच्या छावणीचा. अकराशे कुटुंबं, प्यायला गढूळ पाणी, जुलाबाची साथ. दुसरा डोंगरवस्तीचा. दोनशे कुटुंबं, तीच साथ, आणि वर जायचा रस्ता वाहून गेलेला.

इंजिनिअरचा जीव दुसऱ्या अर्जात अडकला होता.

"छावणीकडे आज ना उद्या कुणीतरी बघेल," तो म्हणाला. "वर कोण जाणार आहे? आपण हात वर केले की संपलंच."

"औषधं, गोळ्या, टाक्या. खेचरांवरून हे सगळं वर न्यायला किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"दहा. फार तर बारा."

"तेवढ्या दिवसांत खाली अकराशे घरांना नळ लागतील."

"आणि वरच्यांनी काय करायचं?"

"ज्यांना चालवतं त्यांनी खाली यावं," बाई म्हणाल्या आणि गुणपत्रिकेवर आकडे लिहायला लागल्या.

ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. मोजल्याशिवाय ही बाई चहात साखर घालायची नाही, असा तिथला विनोद होता. त्यांनी डोंगरवस्तीला इतके कमी गुण दिले, की काठावर बसलेले डॉक्टरही त्यांच्याच बाजूला कलले. पाच मिनिटांत विषय मिटला.

बाहेर बेसिनपाशी बाई तोंड धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या.

"जिंकलात," इंजिनिअर जाता जाता म्हणाला.

"हं," त्या म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत.

तो विषय त्यानं कदाचित सोडूनही दिला असता. पण चार दिवसांनी ड्रायव्हर सहज बोलून गेला, "बाईंचं माहेर त्याच जिल्ह्यातलं ना, साहेब? नदीकडच्या बाजूचं म्हणतात."

इंजिनिअरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरीच! आपल्या माणसांच्या दारात नळ, आणि डोंगरातल्यांच्या तोंडाला पानं! त्यानं रागाच्या भरात तक्रारीचा मसुदा लिहून काढला. पण पुरावा हवा होता. तीन आठवड्यांनी छावणीतलं काम तपासायला बाई निघाल्या, तेव्हा त्यानं मुद्दाम आपलंही नाव घालून घेतलं.

जीपमध्ये त्यानं खडा टाकून पाहिला. "समजा, कुणाचं नातं असेल, तर त्यानं उठून बाहेर जायला हवं, नाही का?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "खुर्ची रिकामी झाली की कारण सगळ्यांना कळतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मग मागे उरलेले लोक अर्जाकडे बघत नाहीत. खुर्चीकडे बघून गुण देतात."

काय सफाईदार उत्तर आहे, असं त्याच्या मनात आलं.

छावणीत तो नळांकडे कमी आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होता. बाईंना पाहून कोण हसतं? कोण लगबगीनं पुढे येतं? कोणीच नाही. बाई एकेका तंबूत वाकून शिरत होत्या. रोज हंडे किती मिळतात? रांगेत भांडणं होतात का? नळ सोडायला कुणी काही मागतं का? चाळीसपैकी तीन नळ कोरडे निघाले, तर त्यांनी तिथल्या संस्थेच्या माणसाला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. आजाऱ्यांची वही त्यांनी पान न पान पाहिली. सव्वाशेवरून आकडा नऊवर आला होता. शेवटच्या पानावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या.

इंजिनिअर बुचकळ्यात पडला. इथे तर बाईंना कुणी ओळखतही नव्हतं.

दवाखान्याच्या तंबूपाशी पाच खेचरं येऊन थांबली होती. झोळ्यांतून माणसं उतरवणं चाललं होतं. कुणाच्या अंगात मान धरण्याचंही त्राण नव्हतं. खेचरवाला गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"कुठून आणलीत?" इंजिनिअरनं विचारलं.

"डोंगरवस्तीवरून. दोन दिवस उतरतोय."

"इतके दिवस का थांबलात? आधीच यायचं की खाली!"

खेचरवाला इंजिनिअरच्या खांद्यावरून मागे बघत होता. त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"बेबी?" तो म्हणाला. "तू आलीस होय गं?"

बाई जागीच उभ्या होत्या. हातातली वही त्यांनी छातीशी धरली होती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी एकेरीत हाक मारलेली इंजिनिअरनं ऐकली नव्हती.

"काका," त्या म्हणाल्या. "आई कुठल्या झोळीत आहे?"

खेचरवाला खाली बघायला लागला. खेचराच्या पाठीवरची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधत राहिला.

"परवा सकाळी गेली, पोरी. शाळेच्या मागे ठेवलं तिला. बाकीच्यांसोबतच."

तो बोलत राहिला, थांबता येत नसल्यासारखा.

"आम्ही पहिल्याच आठवड्यात निघालो होतो गं खाली. सगळी वस्ती. बोचकी बांधून तयार. तिनंच वाट अडवली. म्हणाली, पोराबाळांना घेऊन कशाला पाय तोडत जाता, माझी लेक बसलीय तिथे, आपलं पाणी सगळ्यांत आधी येईल."