धुतलेला गाऊन

"अंगाचा वास बदलतो हं. बाळ अंगावर पितंय तोवर थांबा," केमिस्टकडची बाई म्हणाली होती. मुक्ताने हसून सोरायसिसचा नवा लेप घेतला. त्यातले, दुसऱ्या कुणाच्या निरोगी त्वचेवरून घेतलेले जंतू तिच्या अंगावर रुजले. महिन्यात कोपरांवरच्या खपल्या गेल्या आणि चार महिन्यांची ओवी तिच्या कुशीत किंचाळायला लागली. लेपाआधीचा आईचा वास असलेला जुना गाऊन मुठीत असला तरच ती झोपायची.

आज सासूबाई म्हणाल्या, "किती मळवलायस गं! टाकला धुऊन."

"बरं केलंत, आई," म्हणत मुक्ताने ओला गाऊन नाकाशी धरला. नुसता साबणाचा वास. आत ओवी रडत होती.

तुमच्या ओळखीत असा लेप लावणारी, तान्ह्या बाळाची आई आहे? फोनवर ती "मी बरी आहे" असंच सांगेल. तुम्ही आजच तिच्याकडे जाऊन या.