आखाजीचं कवाड

“माय, मी पोहोचले घरी. पण आपल्या खोलीला दारच नाहीये,” शीतल फोनवर म्हणाली आणि फोन कटला.

सुगंधाबाई तेव्हा जळगावच्या स्टँडवर रावेरहून येणाऱ्या एसटीची वाट बघत होती. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी यायची होती. ती मेली दुसऱ्याच गाडीनं येऊन घरी पोहोचलीसुद्धा. सुगंधाबाईनं परत फोन लावला. लागेना. झालं, पंडितनं डाव साधला.

पंडित हा चाळीच्या मालकाचा माणूस. मालक सुरतेला, कारभार सगळा पंडितच्या हाती. खोली रिकामी करून हवी असली की तो भांडत बसायचा नाही. भाडेकरू बाहेर गेला की त्याच्या दारावर आपलं कुलूप ठोकायचा. कुलूप तोडलं तर चोरीची तक्रार, नाही तोडलं तर भांडीकुंडी आत आणि माणूस रस्त्यावर. होळीला चाळीतले उखर्डूनाना अमळनेरकडे गावी जाऊन आले, तर दाराला कुलूप. चाळीपुढच्या निंबाखाली झोपले बिचारे. कितीदा हातापाया पडले, तेव्हा कुठं आत जायला मिळालं.

सुगंधाबाईला ते बघवलं नाही. भाडेकरूंच्या बैठकीत, महापालिकेच्या साहेब लोकांसमोर ती उभी राहिली आणि बोलून गेली. भाड्याची पावती द्या म्हणाली. लेखी नोटीस दिल्याशिवाय कोणाला घराबाहेर काढू नका, असा नियम पाळायला लावा म्हणाली. खाली बसताना मागं पाहिलं, तर दाराशी पंडित उभा.

तो रागावला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी नळावर भेटला आणि हसून म्हणाला, “अक्का, आखाजीला घरी कोणी नसतं ना तुमच्या?”

त्या दिवसापासून बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. डाळमिलमध्ये डाळ निवडताना हात थांबायचे. पावलं वाजली की दचकायची. त्यात चाळीनं तोंड फिरवलं. तुझ्यापायी आम्हीबी रस्त्यावर येऊ, असं शेजारच्या ज्योतीनं तोंडावर सांगितलं. उखर्डूनानाही खाली मान घालून जायला लागले. घ्या! ज्यांच्यासाठी बोलायला गेली, तेच परके झाले. आज सकाळी निघताना सुगंधाबाईनं आपलं लाल कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. ज्योती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. खोलीवर लक्ष ठेव, एवढं म्हणायचीही सुगंधाबाईला हिंमत झाली नाही.

स्टँडवरून परतताना रिक्षात ती देवाचं नाव घेत होती आणि डोळ्यांपुढं दिसत होती ती घागर. गेलेल्या नवऱ्याच्या नावानं सकाळीच भरून, वर आंबा ठेवून आली होती. ती फोडली असेल का? गादी, पेटी बाहेर फेकली असेल का? लेक माहेरपणाला आली आणि माहेरच नाही, ह्या विचारानं तिला रडू फुटलं.

चाळीच्या तोंडाशी पंडित उभा होता. बरोबर दोन माणसं, हातात पिशवी. पिशवीत नवी कोरी कुलपं. सुगंधाबाई त्याच्याकडे न बघता धावत आत शिरली.

तिची खोली खरंच उघडी होती. चौकट नुसती, दार नाही. पण आत घागर जागच्या जागी होती. वरचा आंबासुद्धा हलला नव्हता. पेटी होती, गादी होती. तिला काही उमजेना.

मग तिची नजर शेजारी गेली. ज्योतीच्या खोलीलाही दार नव्हतं. पलीकडच्या खोलीलाही नव्हतं. उखर्डूनानांच्या खोलीलाही नव्हतं. अख्ख्या चाळीत एकाही चौकटीला दार राहिलं नव्हतं. सगळी कवाडं निंबाच्या बुंध्याला नीट टेकवून उभी होती.

एक तेवढं वर होतं. निंबाला आखाजीचा झोका बांधला होता, आणि दोरखंडात पाट म्हणून अडकवलेलं ते कवाड ज्योती हसत हसत ढकलत होती. वर शीतल बसली होती. कवाडाच्या कडीला सुगंधाबाईचं लाल कुलूप तसंच लटकत होतं, कोयंड्यासकट.

पंडित मागून आला आणि पिशवी घेऊन नुसता उभा राहिला. उखर्डूनाना त्याच्यासमोर गेले. आज त्यांची मान वर होती.

“कुलूप लावाले दार लागस ना, भाऊ?” ते म्हणाले.