सासूबाईंचा हॉट डॉग

कुमुदबाईंनी लेकीच्या स्वयंपाकघरात डोकावून नाक मुरडलं. कमरेला एप्रन बांधून जावई पावाच्या पोटात सॉसेज कोंबत होता. त्यावर खिमा, त्यावर तळलेला कांदा, त्यावर चीज. आणि लेक सोफ्यावर पाय पसरून बसलेली!

हॉलमध्ये येऊन त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "हॉट डॉग म्हणे! खायच्या वस्तूला कुणी कुत्र्याचं नाव ठेवतं का? आणि जावयाने सासूला रांधून घालायचं! काय एकेक थेरं!"

"पार बायल्या निघाला," नवऱ्याने री ओढली.

जावयाने पहिली बशी कुमुदबाईंसमोरच ठेवली. "आई, आधी तुम्ही. गरम आहे तोवर खा."

सगळ्यांचं उरकल्यावर गार पोळी खायची सवय असलेल्या कुमुदबाई क्षणभर बशीकडे बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी पाव उचलून त्यांनी मोठ्ठा घास घेतला. खिम्याचा रस हनुवटीवर ओघळला, तरी थांबल्या नाहीत.

"अगं, पाणी आण," नवरा सवयीने म्हणाला.

त्यांनी वर पाहिलंही नाही.

"माठ स्वयंपाकघरात असतो. आपल्याही घरी तिथेच असतो. तुम्हाला कधी दिसला नसेल."