कळसाच्या खाली

देवळाचा कळस. पेढ्यांचा पुडा. बोटीच्या केबिनचं छप्पर. खाडीवरचा नवाकोरा पूल.

"देवीच्या कळसापेक्षा पूल उंच चालणार नाही," म्हणत दाजी कुबलांनी अख्खं गाव उपोषणाला बसवलं होतं. बांधकाम खात्याच्या साहेबांनी हात टेकले, पुलाची उंची कमी केली.

आज पूल खुला झाला आणि मासेमारीची पावसाळी बंदीही उठली. पेढे वाटून दाजींनी बोट समुद्राकडे काढली. भरतीच्या पाण्यात केबिन पुलाला अडली.

"ओहोटीक जावया," दाजी म्हणाले.

"ओहोटीक बोट गाळात रुतता, दाजीनु," खलाशी म्हणाला.

पुलावरून दाजींची बायको ओरडली, "अवो, बोट विका नि रिक्षा घेवा! पूल आसा मां!"

दाजींनी कळसाकडे बघून हात जोडले.

उपोषणाआधी कौल लावून देवीची मर्जी कुणीच विचारली नव्हती.