कापडी माकडाचा संगीतकार

मुलगी बघायला आम्ही पुणतांब्याला गेलो होतो. पोहे समोर आले होते, मुलगी माझ्याकडं बघून चक्क एकदा हसलीही होती. तेवढ्यात तिच्या वडिलांनी, कारभारी अण्णांनी, विचारलं, "पोरगं करतं काय?"

माझा सहादेवमामा छाती फुगवून म्हणाला, "मुंबैला गेल्या सालापास्नं टीबीला लागलंय!"

मुलगी लगबगीनं आत गेली. पाठोपाठ माझ्या पुढ्यातली पोह्यांची बशीही गेली. अण्णांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि ते भिंतीपर्यंत मागं सरकले.

"अहो, टीबी नाही, टीव्ही!" मी ओरडलो. "चित्र दिसणारा रेडिओ असतो तो. तिथं मी लहान मुलांच्या कार्यक्रमाला संगीत देतो."

सोगा खाली आला. बशीही परत आली.

"मंजी नेमकं करायचं काय असतं?"

शास्त्रीय संगीतात आयुष्य घालवायला निघालेला मी आता खुललो. "कापडी माकड झाडावरून पडलं की मी झांज वाजवतो. बेडकानं उडी मारली की तबल्यावर डुबुक. आणि हत्ती आला की..." हत्ती मात्र मी उठून, सोंड हलवत, तोंडानं तुतारी वाजवून करूनच दाखवला. आतून मुलीचं हसू ऐकू आलं. मला वाटलं, जमलं.

 अण्णा मामाकडं वळून हळूच म्हणाले, "पावनं, टीबीवर निदान इंजेक्शन तरी निघालंय."