सुकाणूचं पहिलं कुंकू

"जुनी गाडी घेतली का नवरी आनली, कळत न्हाय," सावित्री पुटपुटली. "रोज हळद, रोज उटणं. वरात काय निघत न्हाय."

ती हळूच पुटपुटली, पण तिचा नवरा रघू शेजारीच बॉनेटमध्ये वाकला होता आणि त्याचे कान तिखट होते.

"साडेतीन लाख किलोमीटर चाललीय ती," तो म्हणाला. "नवरी न्हाय. चार पोरांची आई हाय. तिचं सगलं तपासून घ्यावं लागतं."

हाटकेश भागातल्या भूपेशच्या गॅरेजात ती पिकअप उभी राहून पंधरवडा होत आला होता. सावित्रीने ती स्वतः पाहून, स्वतः घासाघीस करून घेतली होती. तिचा मासळीचा धंदा. धक्क्यावरून बाजारात माल न्यायचा तर भाड्याचा टेम्पो, आणि तो मनाला येईल तेव्हा यायचा. तोवर बर्फाचं पाणी आणि पापलेटचे डोळे पांढरे. यंदा नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला माल आपल्या गाडीतून न्यायचा, असं ठरवून तिने टेम्पोवाल्याला कायमचा रामराम केला होता. गाडी वेळेवर निघाली नाही तर मासळी धक्क्यावरच सडणार होती.

रघू गेल्या वर्षापर्यंत होडीवर तांडेल होता, सुकाणू त्याच्याच हातात असायचं. डिझेल परवडत नाही म्हणून होडीतला वाटा विकला, असं तो सांगायचा. घरात कोणी खोदून विचारलं नव्हतं. लग्नाआधी त्याने टेम्पोही चालवला होता. त्यामुळे ही गाडी कोण चालवणार, हा विषयच कोणी काढला नाही.

"काका, ऑइल झालं, फिल्टर झाले, कूलंट झालं," भूपेश म्हणाला. "अब ले जाओ ना. चालू गाडी आहे."

"चालू हाय म्हनूनच बघायचं. बंद पडल्यावर काय, कोनीपन बघतो. भर दर्यात मशीन थांबलं तर धक्का मारायला कोन येनार, तुझा बाप?"

भूपेशच्या बापाचं भाईंदर पश्चिमेला फरसाणाचं दुकान होतं. तो आला नसता.

पावसाळ्यात होडी वर ओढून जशी खोलतात, तशी रघूने गाडी खोलायला लावली. फॅनबेल्टच्या पाठीवरून बोट फिरवून म्हणाला, "भेगा हायत, बदल." टायरवर तळवा फिरवून मागचे दोन बाद केले. जुनं ऑइल चिमटीत चोळून पाहिलं. "कचकच लागते रं. रंग कसा हाय?"

"काळा, काका."

"मग परत धू."

इंजिन चालू करायला लावून तो डोळे मिटून उभा राहिला. "डावीकडं किरकिरतंय. बेअरिंग."

किरकिरत होतं खरं. भूपेशने बेअरिंग बदललं, मग चहाचा ग्लास रघूच्या हातात दिला. स्टुलावर ठेवलेले दोन ग्लास त्याच आठवड्यात सांडले होते.

"मी निघते," सावित्री म्हणाली. "गुडघ्याचे व्यायाम हायत."

डाव्या गुडघ्यासाठी ती होळीपासून बेव्हर्ली पार्कला एका बाईकडे जात होती. परत यायची ती घामाघूम, लंगडत. असला व्यायाम रघूने जन्मात पाहिला नव्हता, पण तो काही बोलायचा नाही.

"काका, गोडदेवपर्यंत एक चक्कर मारून या," भूपेश दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"आधी ब्रेकचे लायनर बघ."

लायनर झाले.

"आता?"

"कमानीचे पाटे. मग ग्रीस. आनि खालून सगला पत्रा धुवून रंग मार. मासलीचं खारं पानी गलतं, पत्रा खातं."

सावित्रीने कपाळाला हात लावला. भूपेशने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. तो पान्हा घेऊन पुन्हा गाडीखाली गेला.

असं करता करता गाडीत बदलण्यासारखं काही उरलं नाही. पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला. सावित्री ताट घेऊन उभी राहिली. रघूच्या घरची रीत होती: सुकाणूला पहिलं कुंकू लागायचं ते जो चालवणार त्याच्या हातचं. होडी असो की गाडी.

"चला," सावित्री म्हणाली. "होड्या धक्क्याला लागल्या असतील."

रघू गाडीला हात लावत लावत ड्रायव्हरच्या दारापाशी गेला आणि चढला. गुडघे स्टिअरिंगला आपटले. त्याने खाली चाचपलं. सीट पार पुढे ओढलेली होती. तिच्यावर उशी होती, आणि उशीला जुन्या लुगड्याचा अभ्रा. ते मऊ सूत त्याच्या ओळखीचं होतं.

"भूपेश, शीट कोनी पुढं घेतली?"

"धुताना सरकली असेल, काका."

"उशीपन धुतानाच आली?"

भूपेशला एकदम हवा भरायचा पाइप गुंडाळायचं सुचलं.

रघूने उशीवरून एकदा हात फिरवला. मग उतरला. बॉनेटवरून हात फिरवत वळसा घालून पलीकडे गेला, दार शोधलं आणि क्लीनरच्या जागेवर बसला.

"आवं, कुंकू?" सावित्री म्हणाली. "रीत हाय ना."

"रीत माहीत हाय मला. तुझा गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"क्लच दाबताना दुखत न्हाय ना?"

सावित्रीने ताट बॉनेटवर टेकवलं.

"न्हाय," ती म्हणाली. "आता न्हाय दुखत."

"मग लाव कुंकू आनि बस," रघू म्हणाला. "मला दिसत न्हाय गो."