तक्त्याची शेवटची ओळ

बारावा एलईडी तांब्याच्या चकतीवर बसवताना चष्मेवाल्यांचा हात पुन्हा हुकला. वितळलेलं कथील चकतीवर न पडता टेबलावर पडलं आणि लाकडावर आणखी एक काळा ठिपका उमटला. असे आता नऊ झाले होते.

“हल्लीचं कथीलच पातळ,” ते म्हणाले. “पूर्वी कसं, ठेवाल तिथे बसायचं.”

“चहासुद्धा हल्ली पातळच येतो,” समोर मटार सोलत बसलेली बायको म्हणाली. “ओताल तिथे पडत नाही.”

तिच्या मनगटावरचा डाग अजून गुलाबी होता. गेल्या महिन्यात त्यांनी ओतलेला उकळता चहा कपात न जाता तिथे गेला होता. ‘या घरात उजेड म्हणून नाही,’ असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि सगळे बल्ब बदलले. तरी उजेड पुरेना. मग त्यांनी हा टॉर्च करायला घेतला. बाजारातल्या टॉर्चवर त्यांचा विश्वास नव्हता. आधी त्यात एक एलईडी होता, मग चार झाले, आता बारा. ॲल्युमिनियमची जाड नळी त्यांनी मापाने कातून आणली होती. उष्णता शोषायला तांब्याची चकती घातली होती. चष्म्याचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना सकाळी उठून काही काम होतं.

बायकोने मात्र वेगळाच उपाय केला होता. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती.

“मी जाऊ? मी?” चष्मेवाले म्हणाले होते. “चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले मी. मला माझे कळणार नाहीत?”

दोन दिवस अबोला झाला. शेवटी तह ठरला. दुकानातला अक्षरांचा तक्ता घरातल्या लांब पॅसेजच्या टोकाला टांगलेला होता. टॉर्च पुरा झाला की त्याच्या उजेडात, पंधरा फुटांवरून, चष्मेवाल्यांनी शेवटची ओळ वाचायची. वाचली तर दोष उजेडाचा, आणि डॉक्टर रद्द. नाही वाचली, तर मुकाट्याने निघायचं.

“पण घोकून वाचायचं नाही हं,” ती म्हणाली होती.

चष्मेवाल्यांना हसू आलं होतं. घोकून येणारी गिऱ्हाइकं त्यांच्याइतकी कोणी पकडली नसतील. परवान्यासाठी येणारे ट्रकवाले त्यात पुढे. बाकावर वाट बघता बघता तक्ता पाठ करायचे आणि खुर्चीत बसले की धडाधड म्हणून दाखवायचे. खरं बघून वाचणारा माणूस शेवटच्या ओळीवर अडखळतोच. न अडखळणारा संशयित. हे त्यांनीच बायकोला शिकवलं होतं. ती गल्ल्यावर बसायची, आणि पुढे पुढे तर तिथूनच डोळ्यांनी खूण करायची, की हा पाठ करून आलाय.

बारावा एलईडी दुपारी चारला बसला. तांबडी वायर काळीच्या जागी लागत होती. बायकोने मटार बाजूला ठेवले, त्यांचं बोट धरलं आणि योग्य जागी नेऊन ठेवलं. त्यांनी बॅटरी सरकवली, झाकण फिरवलं, बटण दाबलं.

“अगं बाई!” तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “बंद करा ते! आंधळी कराल मला.”

चष्मेवाले काचेत थेट बघत होते. त्यांना तो उजेड छान वाटला. सौम्य.

“चल,” ते म्हणाले, “होऊन जाऊ दे.”

“थांबा जरा. पॅसेजची दारं लावून येते. पुरता अंधार हवा ना.”

तिला थोडा वेळ लागला. दारं एकेक करून लागल्याचे आवाज आले. मग तिने हाक मारली.

चष्मेवाले पंधरा फुटांच्या खुणेवर उभे राहिले. फरशीवरची ती खूण त्यांनीच मापून केली होती. टॉर्च हातात गरम होत चालला होता. पॅसेजच्या टोकाला पांढरा चौकोन लखलखत होता, त्यावर काळ्या ओळी होत्या. ओळी दिसत होत्या म्हणजे दिसतच होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“ग, प, म, ट, र, ल, न,” त्यांनी वाचलं.

“पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा भरभर.

“आता उलटी.”

ही तर त्यांचीच युक्ती होती. ट्रकवाले हमखास इथे सापडायचे. “न, ल, र, ट, म, प, ग,” चष्मेवाले म्हणाले. कुठेही अडखळले नाहीत. “काय, पटलं? कर त्या डॉक्टरला फोन. म्हणावं, दोष उजेडाचा होता.”

तिने त्यांच्या हातातून टॉर्च घेतला, दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना भिंतीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर नेऊन उभं केलं. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता.

“तक्ता मघाशीच उतरवला मी,” ती म्हणाली. “तुम्ही वाचलंत ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आहे. लाल गोल केलाय ना, तो उद्याचा. सकाळी अकरा वाजता.”